मधल्या भिंतीवरून गेलेली तार

आमच्या देवासच्या घरी मधल्या भिंतीवर काठीचे दोन ठोके पडले की जो जे करत असेल ते त्याने थांबवायचं, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. भिंतीच्या पलीकडे आप्पाकाका आणि काकू राहत, अलीकडे आम्ही. आप्पाकाका माझ्या वडलांचे सख्खे थोरले भाऊ. ते थोरल्या पातीच्या नोकरीत आणि माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, धाकट्या पातीच्या. एका गावात दोन राजे आणि दोन कचेऱ्या, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो अजूनही हसतो. आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. आजोबा गेल्यावर दोघा भावांनी घर मधोमध वाटून घेतलं आणि पाच माणसांसमोर ही भिंत घातली. त्या वेळी आप्पाकाकांनी एक अट घातली. या भिंतीला आणि रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला कोणीही भोक पाडायचं नाही. खुंटी नाही, कोनाडा नाही, खिळासुद्धा नाही. एकदा भोक पडलं की माणूस त्याला आधी डोळा लावतो आणि मग कान लावतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नानांनी लगेच मान डोलावली, कारण त्यांनाही आपल्या भावाबद्दल मनातून तेच वाटत होतं.

तर असं हे संशयावर उभं राहिलेलं घर. आईला काही महत्त्वाचं बोलायचं झालं की ती आधी खलबत्ता पुढे ओढायची आणि दाणे कुटता कुटता बोलायची, म्हणजे पलीकडे शब्द जाऊ नयेत. त्यामुळे आमच्याकडे दाण्याचं कूट कधी संपलं नाही. कोशिंबिरीत कूट, उसळीत कूट, आणि पाहुणे म्हणायचे की वहिनींच्या हाताला चव आहे. लहानपणी मला वाटे, सगळ्याच बायका अशा बोलत असतील. पलीकडून फोडणीचा वास आला की आई मान वर करून हुंगायची आणि म्हणायची, आज हिंग जास्त आहे, म्हणजे कचेरीतलं कोणीतरी जेवायला आहे, आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. दूधवाला त्यांच्याकडे किती वेळ थांबला आणि आमच्याकडे किती, हेही मोजलं जाई. मी त्याच हवेत वाढले. आजही कोणी माझ्याशी फार गोड बोललं तर मी आधी त्याच्या हाताकडे बघते.

भावांचं बोलणं मात्र भिंतीमुळे थांबलं नव्हतं, ते थांबलं बाळदादामुळे. बाळदादा आप्पाकाकांचा एकुलता एक मुलगा. त्याला तबल्याचं वेड. नानांकडे एक जुनी जोडी होती, म्हणून तो संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचा. नाना त्याला चार बोल सांगायचे, आणि आठवड्याभरात तो नानांच्या पुढे गेलेला असायचा. त्याला एक खोड होती. सम आली की तो बोटाने तबल्याच्या काठावर हलकेच एक टिचकी मारायचा. नाना म्हणायचे, ही टिचकी कशाला, सम काय पळून चालली आहे? तो हसायचा आणि पुन्हा मारायचा. एवढ्यात भिंतीवर काठीचे दोन ठोके पडायचे, आणि बाळदादा डग्ग्यावर पंचा टाकून गप्प बसायचा. आप्पाकाकांना त्याला दरबारी चिकटवायचं होतं. आपला मुलगा तबलजी होणार ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. एके दिवशी बाळदादा धारला माझ्या मामाकडे निघून गेला, आणि तिथून पुढे मुंबईला. नानांनीच मुलगा पळवला असं आप्पाकाका म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण मामाकडे जा असं नानांनीच त्याला सुचवलं होतं. तेव्हापासून भाऊ बोलेनासे झाले. काकूला घरात मुलाचं नाव काढायची बंदी झाली आणि आईकडे विरजण मागायला येणंही बंद झालं. दोघी जावा भेटायच्या त्या चैत्रात, लोकांकडच्या हळदीकुंकवाला. तिथेही सतरंजीच्या दोन टोकांना बसायच्या आणि पन्ह्याचे पेले हातात धरून एकमेकींच्या बांगड्यांकडे बघायच्या.

मामा धारच्या दरबारात नोकरीला होता. मांडूच्या वाटेवरच्या नालछ्याकडे त्याच्या सारख्या फेऱ्या असत, त्यामुळे तो आला की आम्हा मुलांना मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंच, मिळायची, मुठीएवढ्या बोंडांतली, आंबट आणि भुकटीसारखी. त्या फाल्गुनात तो आला तो मात्र टांग्यातून घोंगडीत गुंडाळलेली एक पेटी घेऊन. आईने लगेच दार लावून घेतलं आणि खलबत्ता ओढला. मामाने हळूच सांगितलं की हा रेडिओ आहे, धार सोडून निघालेल्या एका साहेबाकडून घेतला, परवानाही रीतसर काढला आहे. आणि आपला बाळ आता मुंबईच्या रेडिओ स्टेशनवर गवयांना साथ करतो. साथीदाराचं नाव सांगत नाहीत, पण असतो तोच. आईच्या हातातला बत्ता वरच्या वर थांबला. मग तिला भिंतीची आठवण झाली आणि ती घाईघाईने पुन्हा कुटू लागली. त्याच बैठकीत तिने सांगून टाकलं की एकदा, फक्त एकदा, तो तबला पलीकडे वहिनींच्या कानावर पडला पाहिजे. दोन वर्षं त्या बाईने मुलाचा आवाज ऐकला नाही, हात वाजलेला तरी ऐकू दे. नाना म्हणाले, ते मग बघू, आधी आप्पाला कळता कामा नये.

अडचण तारेची होती. मामाने समजावलं की बाहेर उंचावर तांब्याची लांब तार ताणायची, तिचं एक टोक घरात पेटीपर्यंत आणायचं, आणि वाटेत ती कशालाही टेकता कामा नये. टेकली की आवाज मेला. बाहेर ताणणं सोपं, पण आत कुठून आणायची? दर्शनी भिंतीला भोक पाडायचं तर पाच माणसांसमोरचा शब्द मोडायचा, आणि ते भोक आप्पाकाकांना पहिल्या दिवशी दिसणार. खिडकीतून आणावी तर झडप कायमची उघडी, आणि येणारा जाणारा विचारणार. मोरीच्या भोकातून आणण्याची कल्पना नानांची. मोरीतून निघालेली तार देवाच्या खोलीवरून नेणार का, एवढंच आईने विचारलं आणि तो विषय मिटला. आमच्या बाजूचं छप्पर पत्र्याचं होतं, कारण वानरांनी कौलं फोडून जीव नकोसा केला होता. पत्रा चारी बाजूंनी ठोकलेला, त्याला भोक पाडलं की पावसाळ्यात घरात पाणी. आप्पाकाकांच्या बाजूला मात्र अजून जुने कवेलूच, म्हणजे नळीची कौलं, होती. कवेलू उचलायचा, तार सारायची, कवेलू पुन्हा बसवायचा. भोक नाही की काही नाही. आणि मधली भिंत माळ्यापर्यंतच पोचली होती. तिच्यावर, छपराखाली, दोन्ही घरं अजून एकच होती. वर कोण राहतंय, म्हणून गवंड्याने तिथे विटा घातल्याच नव्हत्या.

म्हणजे तार शत्रूच्या घरातून येणार होती. त्यांच्या स्वयंपाकघरावर, काळोखात, आढ्याखालून तीन-चार हात, मग भिंतीच्या माथ्यावरून आमच्या माळ्यावर. यासाठी मुहूर्त निघाला पाडव्याचा. त्या दिवशी आप्पाकाका आणि काकू सकाळी टेकडीवर देवीला जात. आणि पाडव्याच्या सकाळी मराठी माणूस वेळूची काठी घेऊन छपरावर चढला तर त्याच्याकडे कोण बघतो? शेजारच्या माळवी बायका उलट कौतुकाने म्हणाल्या की मराठा लोगांची झंडी या वर्षी भारी उंच आहे. नानांनी आणि मामाने गुढी उभारली, तिच्या आडोशाने दुसरी काठी मागच्या बाजूला रोवली, तिथून तार कडुनिंबापर्यंत ताणली आणि तिचं टोक कवेलूखालून आत सोडलं. मध्ये चिनी मातीचे दोन मणी बांधले, म्हणजे तार लाकडाला टेकू नये. आई खाली श्रीखंडाचा चक्का फडक्यातून घासत होती आणि दर मिनिटाला टेकडीच्या रस्त्याकडे बघत होती. सूर्य मावळायला गुढी उतरली, काठ्या राहिल्या.

परवा इंदूरला नातवाकडे केबलवाला आला होता. त्याने भिंतीला ड्रिल लावलं, दोन मिनिटांत आरपार भोक पाडलं, चुना जमिनीवर सोडला आणि गेला. नातसून नुसतं म्हणाली, झाड़ू तो मार देते भिया. मी त्या भोकाकडे बराच वेळ बघत बसले, तिला वाटलं मी चुन्यासाठी नाराज आहे.

रेडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी वाजला. नानांनी आवाज इतका बारीक ठेवला होता की आम्ही सगळे पेटीला डोकी लावून बसलो होतो. पण दुपारनंतर तो नुसता खरखरू लागला आणि संध्याकाळी मुका झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नीट, संध्याकाळी पुन्हा मुका. असं रोज. आणि बाळदादाचा तबला तर संध्याकाळचाच. मामाला बॅटरीचा संशय, म्हणून ती बदलून झाली. आईला आप्पाकाकांचा संशय. ते कचेरीतून आले की हात घालतात काहीतरी, ती म्हणायची. नानांनाही तेच वाटू लागलं, कारण आप्पाकाकांनी बाहेरची तार पाहिलीच होती. एका सकाळी ते ओट्यावर उभे राहून दूधवाल्याला मोठ्याने सांगत होते, म्हणजे आम्हालाच सांगत होते, "देख भिया, अब लोगों ने तार बांधा है। हमारे घर की बात खींचते हैं उसमें से।" दूधवाला बिचारा तारेकडे बघून हो हो म्हणाला, आणि त्या दिवसापासून आमच्या दारात दबक्या आवाजात बोलू लागला. म्हणजे आम्ही समजत होतो की ते तार तोडतात, आणि ते समजत होते की आम्ही त्यांचं बोलणं ऐकतो. दोन्ही घरांत त्या दिवसांत फार कमी बोललं गेलं.

चैत्र संपत आला तेव्हा मामाचा निरोप आला की येत्या मंगळवारी संध्याकाळी बाळ साथीला आहे, आणि त्यानंतर तो एका मंडळीबरोबर लांब दौऱ्यावर जाणार, पुन्हा कधी ऐकू येईल सांगता येत नाही. आईने त्याच दुपारी कुरडया ठेवण्याच्या निमित्ताने शिडी लावली. मी शिडी धरून खाली उभी. ती माळ्यावर गेली, भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे वाकली. मग खाली आली ती पदर तोंडाला लावून, आणि मला कळेना की हसते आहे की रडते आहे. तारेवर काकूचं सोवळं वाळत होतं.

सोवळं म्हणजे काकूचं स्वयंपाकाचं नऊवारी सुती लुगडं. दुपारची जेवणं झाली की ती ते धुऊन वाळत घालायची, आणि दुसऱ्या पहाटे अंघोळ करून तिने स्वतः काढेपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. कोणी शिवलं की ते विटाळलं. त्यासाठी उंच वळणी हवी, आणि ही तार इतकी उंच होती की माणसाचा हात तिथे जाणारच नाही. लुगड्याच्या वजनाने ती खाली झुके आणि भिंतीच्या माथ्यावर आमच्या पत्र्याच्या कडेला टेके. सकाळी काकू लुगडं नेसायची आणि आमचा रेडिओ गायला लागायचा. नानांना हे सांगितलं तेव्हा ते आधी कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, मंगळवारी संध्याकाळी मी वेळूने हळूच सरकवतो, तिला कळणारही नाही.

आईने त्या दिवशी खलबत्ता ओढला नाही. ती म्हणाली, "तिच्या सोवळ्याला हात लावलात तर मी या घरात जेवणार नाही. तिच्याकडे आता स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलंय."

दुसऱ्या सकाळी, आप्पाकाका बाहेर गेल्यावर, ती पुन्हा माळ्यावर चढली. मी तिच्या पाठोपाठ चढले, कारण ती काय करते याचा मला संशय होता. खाली काकू चुलीपाशी बसून आमटी ढवळत होती. आईने वरून हलकेच हाक मारली, "वहिनी." काकूने दचकून वर पाहिलं. आईने एका दमात सगळं सांगितलं. ही तार आमच्या रेडिओची, पाडव्याला टाकली, मंगळवारी संध्याकाळी तुमचा बाळ मुंबईहून तबला वाजवणार, तेवढ्यापुरतं लुगडं दुसरीकडे घाला, आणि भिंतीपाशी बसा, आम्ही आवाज जरा मोठा ठेवू. काकूचा पळी धरलेला हात थांबला. बाळाबद्दल ती काही विचारेल असं मला वाटलं होतं.

"म्हणजे ही वळणी ह्यांनी नाही बांधली?" ती म्हणाली.

काकू आमटीकडे बघत बोलत राहिली. जुना दोर तुटून किती दिवस झाले, मी ह्यांना सांगून सांगून थकले. टेकडीवरून आले त्या संध्याकाळी वर बघते तर तार. मला वाटलं, बोलत नाहीत, पण मनात ठेवलं. उंच बांधली, काठीने घालताना खांदा दुखतो, पण बांधली तर खरी, म्हणून मी ब्र काढला नाही. मग तिने पळी पुन्हा फिरवायला सुरुवात केली आणि वर न बघता आईला म्हणाली, "जा इंदू, पडशील." आई खाली आली. रात्रीपर्यंत तिची खात्री झाली होती की आपण त्या बाईचं होतं तेही काढून घेतलं. आणि नानांची खात्री झाली होती की आता आप्पाला कळणार आणि पंच बोलावले जाणार.

मंगळवारी नाना टोंकखुर्दच्या दौऱ्यावरून धुळीने माखून वेळेवर घरी आले. दुपारी आईने माळ्यावरून पाहिलं होतं, लुगडं तारेवर होतंच. दिवेलागणीला पेटी लावली. खरखर, आणि खरखरीच्या तळाशी कोणीतरी गातंय एवढंच कळे. नानांनी वेळूकडे पाहिलं, आईने नानांकडे पाहिलं, आणि नाना पुन्हा खाली बसले. गाणं चाललं होतं आणि आमच्या हाती काही लागत नव्हतं. मला तर आई आणि काकू दोघींचा राग आला, एका लुगड्यापायी हे चाललंय म्हणून. इतक्यात पलीकडे पाट सरकवल्याचा आवाज झाला, जड पावलं वाजली, आणि आमच्या पेटीतला आवाज एकदम धुऊन काढल्यासारखा स्वच्छ झाला. एक गवई ख्याल गात होता, आणि त्याच्या मागे तबला चालला होता. सम आली, आणि तिच्यामागून काठावर एक बारीक टिचकी.

नाना हसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात भिंतीवर काठीचे दोन ठोके पडले. इतक्या वर्षांची सवय, नानांचा हात आपोआप पेटीकडे गेला आणि त्यांनी आवाज बारीक केला. पुन्हा दोन ठोके. त्यांनी आणखी बारीक केला. आता ठोके जोरात पडले, आणि थांबेचनात.

"अहो," आई म्हणाली, "मोठा करा."

नानांनी कळ जेवढी फिरते तेवढी फिरवली. ठोके थांबले. गाणं संपेपर्यंत भिंतीपलीकडे कसलाही आवाज नव्हता, ना भांड्याचा ना पावलांचा.

सकाळी आई माळ्यावर गेली, ती मला घेऊनच गेली. काकू जुनं लुगडं नेसून कालचं सोवळं पुन्हा धुवायला निघाली होती. तिने वर बघून सांगितलं की मी नाही काढलं. ज्या दिवशी तू सांगितलंस त्याच दिवशी जेवताना मी सगळं ह्यांच्या कानावर घातलं, वळणीचंही, बाळाचंही. ताटावरून उठले नाहीत, एवढंच. काल मी काढायला उठले तर माझा हातच उचलेना. तर हे कचेरीतून आले ते तसेच, पगडीसकट पाटावर चढले आणि ओढून काढलं. सोवळं विटाळलं. हे सांगताना काकू हसत होती, आणि दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

आम्ही पोहे खायला बसलो होतो. नानांनी पंचांचं काय करायचं हा विषय काढलाच होता, तोच मधल्या भिंतीवर घाव पडला. काठीचा नव्हे, हातोड्याचा. दुसरा घाव पडला, तिसरा पडला, आमच्या बाजूचा चुन्याचा पोपडा सुटून थेट पोह्यांच्या ताटात आला, आणि भिंतीतून एका लाकडी खुंटीचं टोक बाहेर डोकावलं. ज्या माणसाने खिळासुद्धा मारायचा नाही म्हणून पाच माणसं बसवली होती, तो स्वतः भिंतीला खुंटी ठोकत होता. नानांनी ताटातला पोपडा बोटाने बाजूला केला आणि खात राहिले. घाव थांबले. खुंटीच्या भोवती राहिलेल्या फटीतून पलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, आणि आम्ही सगळ्यांनीच ते ऐकलं.

"बघ, हात पोचतो का?" आप्पाकाका विचारत होते.

"पोचतो," काकू म्हणाली.